काट्याआधी पट्टी नसते

रिझर्व्ह बँकेच्या नावाने तुला आलेल्या त्या पत्रात सहा ओळी होत्या आणि अकरा चुका. मी लाल पेन घेऊन मोजल्या. 'रिझर्व्ह' हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेला. वरची तारीख फेब्रुवारीची, खालचा शिक्का जानेवारीचा. वाघ आणि ताडाचं झाड असलेलं बोधचिन्ह कुठून तरी उचलून चिकटवलेलं, कडा धूसर. सहीखाली हुद्दा होता 'मुख्य लिलाव मॅनेजर'. आणि रक्कम अक्षरांत 'अकरा लाख' लिहिली होती, पण आकड्यांत एक शून्य कमी पडलं होतं. हे पत्र तू महिनाभर मोबाइलमध्ये जपून ठेवलंस, चार माणसांना दाखवलंस, आणि एकदाही नीट वाचलं नाहीस.

परवा संध्याकाळी तू आलास, ओट्यावर बसलास, चहा घेतलास आणि म्हणालास, "गुरुजी, पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट ऑनलाइन लिलावात अकरा लाखांना गेली." नोंदणीचे ८९९ रुपये भरले. मग 'जीएसटी' म्हणून ६,५०० भरले. मग 'एनओसी' म्हणून १५,००० भरले. आता 'फाइल चार्ज'चे २८,००० भरले की सगळी रक्कम खात्यावर येणार, आणि तेवढे अठ्ठावीस हजार उसने मागायला तू आला होतास. तेव्हा मी फक्त "एक पैसा भरू नकोस आणि ती नोट माझ्याकडे ठेव" एवढंच बोललो, कारण सोबत तुझा मुलगा होता. पोरासमोर बापाला बोलायचं नाही, हा नियम मी बत्तीस वर्षं पाळला आहे. म्हणून आज लिहून बोलतो. तुझं नाव घालत नाही. ज्यांना हे लागू पडतं असे तुझ्या वर्गातले बाकीचेही हे वाचतील, आणि त्यांनीही मान वर करून ऐकायचं आहे.

पाचवी ते सातवी मी तुला मराठी शिकवलं आणि गणितही. नफा-तोट्याचं पहिलं उदाहरण फळ्यावर लिहिताना मी काय सांगायचो? विकणाऱ्याच्या हातात पैसे येतात. खर्च असेल तर तो आलेल्या पैशातून वजा होतो. इतकं साधं. तुला विकायची होती नोट, म्हणजे विकणारा तू. मग २२,३९९ रुपये तुझ्या खात्यातून बाहेर गेले कसे? एक रुपया तरी आत आला का? पहिल्या ८९९ रुपयांनाच हा प्रश्न पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण तू गणित मांडत नव्हतास, अकरा लाखांत काय काय करायचं ते मनात मांडत होतास.

आणि लिलाव तुला नवा आहे असं मला सांगू नकोस. तू दर वर्षी लासलगावला कांदा नेतोस. ट्रॉली रांगेत उभी करतोस. व्यापारी येतात, ओंजळभर कांदा उचलतात, दाबून बघतात, वास घेतात, मग बोली चढते. शेवटची बोली पटली नाही तर तू ट्रॉली फिरवून घरी आणू शकतोस. पटली तर गाडी काट्यावर जाते, वजन होतं आणि हिशोबपट्टी तुझ्या हातात पडते. आधी माल डोळ्यांसमोर, मग बोली, मग काटा, मग पट्टी. आजवर एका तरी व्यापाऱ्याने तुला सांगितलं का, की आधी पंधरा हजार माझ्या मोबाइल नंबरवर टाक, मग तुझा कांदा घेतो? सांगितलं असतं तर तू चार शेतकरी गोळा करून त्याला तिथल्या तिथे जाब विचारला असतास. मग मोबाइलवर तेच ऐकताना तुझी जीभ का वळली नाही? ज्याचं तोंड पाहिलं नाही, गाव माहीत नाही, त्याला तू 'साहेब' म्हणत होतास. तुझे मेसेज मी वाचले आहेत. प्रत्येक वेळी पैसे भरल्यावर तू त्याला 'धन्यवाद साहेब' लिहिलं आहेस. ते वाचताना माझा संताप झाला, आणि त्याहून जास्त पोटात तुटलं.

आता नोटेबद्दल ऐक. नागरिकांकडून जुन्या नोटा आणि नाणी लिलावात विकत घेणारं कोणतंही खातं रिझर्व्ह बँकेत नाही. असल्या व्यवहारांसाठी बँक कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही, आणि तसं घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलेलं आहे, कारण तेव्हाच या भामट्यांनी तिच्या नावावर धुमाकूळ घातला होता. जीएसटी हा कर कुणाच्या खासगी फोन नंबरवर भरला जात नाही. तुझा भाऊ खतांचं दुकान चालवतो, दर महिन्याला तो कर भरतो. त्याला एका वाक्यात विचारलं असतंस तर पंधरा हजारांच्या आधी थांबला असतास.

जुन्या नाण्यांना किंमत असते. हे खोटं नाही, आणि म्हणूनच खोटं खपतं. नाण्यांचा अभ्यास करणारी, संग्रह करणारी माणसं आहेत. मुंबईत, पुण्यात त्यांची प्रदर्शनं भरतात, रीतसर लिलाव होतात. पण ते लोक नाणं हातात घेतात. सालाखालची खूण बघतात: हिऱ्याची खूण असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. झीज किती, छपाईत दोष आहे का, सही कोणत्या गव्हर्नरची, नोट कोरी आहे की चार खिशांतून फिरलेली, यावर भाव ठरतो. तुझी नोट घडी पडून मऊ झालेली आहे, एका कोपऱ्याला हळद लागलेली आहे. तसल्या नोटा देशभर अगणित घरांत पडून आहेत. वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाचाची आणि दहाची नाणीही तशीच. २०१२ साली सरकारने ती चलनात आणली, आजही वाण्याच्या गल्ल्यात सापडतात. जी वस्तू गल्ल्यात सापडते तिला कुणी लाखो रुपये का देईल, हा प्रश्न स्वतःला विचारायला शाळा शिकावी लागत नाही. रीतसर लिलाव करणारा आपलं कमिशन विक्रीच्या रकमेतून कापून घेतो. विक्रीआधी तुझ्या खिशात हात घालणारा लिलाववाला नसतो, चोर असतो.

हे झालं तुझं. आता बाकीच्यांकडे वळतो, कारण परवा तुझी गोष्ट कानावर गेल्यावर दोघे-तिघे हसले असं कळलं. हसणाऱ्यांपैकी एक शहरात चांगल्या नोकरीत आहे, इंग्रजी फाडफाड बोलतो. त्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे. घर बदलताना त्याने सोफा मोबाइलवर विकायला काढला. दहा मिनिटांत गिऱ्हाईक आलं. "मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, घासाघीस करत नाही." ओळखपत्राचा फोटो पाठवला, गणवेशातला फोटो पाठवला. मग एक क्यूआर कोड पाठवला आणि सांगितलं, हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. या शिकलेल्या माणसाने स्कॅन केला, पिन टाकला, आठ हजार गेले. तो म्हणाला, "चुकून उलटं झालं, परत करतो, दुसरा कोड पाठवतो." याने दुसराही स्कॅन केला.

अरे, यूपीआय २०१६ साली आलं. इतकी वर्षं झाली, तू रोज चहावाल्याला पैसे देताना काय करतोस? स्कॅन करतोस, पिन टाकतोस, आणि पैसे तुझ्या खात्यातून जातात. चहावाला काही स्कॅन करतो का? त्याला पिन टाकावा लागतो का? पिन म्हणजे चेकवरची सही. सही पैसे देणारा करतो. हे तू दिवसातून चार वेळा हाताने करतोस आणि तरी एका फोटोतल्या गणवेशाकडे बघून विसरलास. ज्या सैनिकाबद्दल आपल्या लोकांना मनापासून आदर आहे त्याचंच सोंग हे भामटे घेतात, यात त्यांची नीचता आहे. पण अनोळखी माणसाने पाठवलेला फोटो खरा मानायचा, यात तुझा आळस आहे. कुणालाही मागणी पाठवून पैसे उकळण्याची वाट यूपीआयमध्ये व्यक्ती-व्यक्तींपुरती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. एक भोक बुजवलं. क्यूआर कोड आहेतच, आणि 'मदतीसाठी हे अ‍ॅप उतरवून घ्या' म्हणून तुझी सगळी स्क्रीन बघणारे आहेतच. सरकार भोकं बुजवत राहील. तू घराचं दारच उघडं टाकलंस तर कोण काय करणार?

विकत घेणाऱ्यांना वेगळं सांगतो, थोडक्यात. दोन महिन्यांपूर्वी एकाने मला 'शिवकालीन सोन्याचा होन' दाखवला. ऑनलाइन बोली लावून साडेचार हजारांना मिळवला होता, आणि चेहऱ्यावर देव भेटल्याचा आनंद. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं होती खरी, पण साच्यातून ओतलेल्या नाण्यासारखी गुळगुळीत, आणि कडेला शिवण दिसत होती. अस्सल शिवकालीन होन अतिशय दुर्मिळ आहे. संग्रहालयं त्याला काचेआड ठेवतात. तो साडेचार हजारांत, फोटो बघून, 'आज रात्री बारापर्यंतच' अशा घाईत मिळत नसतो. शंभर वर्षांहून जुन्या नाण्याला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. त्याला परवाना विचारलास का? पावती घेतलीस का? महाराजांच्या नावापुढे हात जोडतोस ते योग्यच आहे, पण त्या नावाचा बनावट शिक्का विकणाऱ्याला तू साडेचार हजार देऊन पोसलंस. पुढच्या महिन्यात तो आणखी शंभर पाडेल.

बाकी वस्तूंनाही तेच. विकणारा म्हणतो, अ‍ॅपवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू: संशय घे. म्हणतो, पसंती पक्की करायला आधी दोन हजार टाका: टाकू नकोस. त्याच्या नावापुढे चांगले शेरे आहेत म्हणून भुलू नकोस. आधी शे-दोनशेच्या किरकोळ वस्तू नीट पोचवून शेरे जमवायचे आणि मग एकाच आठवड्यात दहा महाग मोबाइल विकायला लावून पसार व्हायचं, ही जुनी चाल आहे.

आणि आता शेवटचा बाक. तिथे बसलेले मान खाली घालून आहेत, कारण फसवणारे फक्त लांबच्या गावात बसत नाहीत. तुमच्यातल्या एकाने जुनी मोटारसायकल बोलीवर विकायला लावली आणि भाव चढावा म्हणून मेव्हण्याला आणि मित्राला खोट्या बोली लावायला सांगितल्या. वर मला म्हणतो, "गुरुजी, सगळेच करतात." सगळे करतात म्हणून पाढा बदलत नाही.

तुला एक गोष्ट सांगतो, ती लक्ष देऊन ऐक. अमेरिकेत १९९५ साली पिअर ओमिडयार नावाच्या तरुणाने ऑनलाइन लिलावाची जागा सुरू केली, तीच पुढे ईबे झाली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. किंमत १४.८३ डॉलर. ओमिडयारने घेणाऱ्याला आवर्जून विचारलं, हा मोडका आहे हे तुम्हाला कळलं आहे ना? घेणारा म्हणाला, मी मोडकेच जमवतो. विक्री अशी करायची असते. दोष आधी सांगायचा.

आता पाच वर्षांनंतरची दुसरी गोष्ट. मे २००० मध्ये त्याच ठिकाणी एका चित्राची बोली पाव डॉलरपासून सुरू झाली आणि १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेली. लोकांना वाटलं, रिचर्ड डायबेनकॉर्न या मोठ्या चित्रकाराचं अज्ञात चित्र एका अडाणी माणसाच्या हाती लागलं आहे. चित्राच्या कोपऱ्यात तशी आद्याक्षरं होती. विकणाऱ्याने भाबडेपणाचं सोंग आणून, लहान मुलाच्या खेळण्याने कॅनव्हासला भोक पडल्याची घरगुती कहाणीही जोडली होती. प्रत्यक्षात तो केनेथ वॉल्टन नावाचा कॅलिफोर्नियातला वकील होता. आद्याक्षरं त्याने स्वतः रंगवली होती. तो आणि त्याचे दोन साथीदार चाळीसहून अधिक वेगवेगळ्या नावांनी एकमेकांच्या वस्तूंवर खोट्या बोली लावत होते. वॉल्टनने स्वतःच्याच चित्रावर बोली लावल्याचं उघड झालं, विक्री रद्द झाली, न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला, वकिलीची सनद गेली. एका साथीदाराला तुरुंगवास झाला. वकिलाला कायदा ठाऊक नव्हता का? होता. त्यानेही मनाला हेच समजावलं असेल, की सगळेच करतात.

आणि आपल्याकडे हे चालतं असं समजू नकोस. आपला मालविक्री कायदा १९३० चा आहे. त्याच्या ६४ व्या कलमात लिलावाचे नियम स्पष्ट आहेत. विकणाऱ्याने आधी जाहीर करून बोलीचा हक्क राखून ठेवला नसेल, तर त्याने स्वतः बोली लावणं किंवा दुसऱ्याकरवी लावून घेणं बेकायदेशीर आहे. भाव चढवायला खोटी बोली लावली असेल तर घेणारा तो व्यवहार मोडू शकतो. तुझी मोटारसायकल घेणारा पोरगा दूध घालतो, पहाटे चारला उठतो. त्याच्याकडून तू सात हजार जास्त घेतलेस. ते त्याला परत दे. येत्या रविवारपर्यंत दे, आणि दिलेस की मला येऊन सांग.

आता पुन्हा तुझ्याकडे वळतो, कारण खरं बोलायचं अजून राहिलं आहे. तू फसलास याचा मला जेवढा राग आला नाही, तेवढा तू लपवलंस याचा आला. पहिले पैसे गेले तेव्हा मनात शंका आली होती, असं तूच कबूल केलंस. मग बायकोला का सांगितलं नाहीस? भावाला का सांगितलं नाहीस? लाज वाटली. लोक हसतील. गेलेले पैसे परत येतील या आशेवर आणखी पैसे घातलेस, विहिरीत पडलेली बादली काढायला दोर टाकावा आणि तोही हातातून सोडावा तसं. हे भामटे तुझ्या लोभावर एकदा जगतात, पण तुझ्या लाजेवर ते महिनोन् महिने जगतात. तू गप्प बसलास म्हणून तोच नंबर आजही चालू आहे आणि कुठल्या तरी दुसऱ्या गावात आज कुणी तरी ८९९ रुपये भरतो आहे.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या क्रमांकावर फोन करायचा असतो. कायद्याचं साल आणि हा क्रमांक एकच आहे, म्हणजे लक्षात ठेवायला अडचण नाही. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते, आणि पैसे अजून त्या खात्यात असतील तर तिथेच अडवले जातात. ते फार वेळ एका खात्यात राहत नाहीत; भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे जातात. म्हणून पहिले काही तास सोन्याचे. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवायचं. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे: ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. म्हणजे तुझ्या गप्प बसण्याची किंमत तासातासाने वाढते. आणि तक्रार केल्यावर "मी सायबर शाखेतून बोलतो, पैसे सोडवून देतो, आधी थोडी फी भरा" असा फोन आला तर तो त्याच टोळीतला समज. पोलीस पैसे परत मिळवून द्यायची फी घेत नाहीत.

तुझ्या पंधरा हजारांना आज नववा दिवस आहे. ते मिळतील असं मी तुला खोटं सांगणार नाही. पण तक्रार होणारच. उद्या सकाळी दहाला ये. मोबाइल आण, त्यातला एकही मेसेज पुसू नकोस. बँकेचं पासबुक आण. तिन्ही व्यवहारांचे बारा आकडी क्रमांक, तारीख आणि वेळ वहीत तुझ्या हाताने लिहून आण, सुवाच्य अक्षरात. मी तपासणार आहे. मग आपण दोघं पोलीस ठाण्यात जाऊ. तिथे बोलायचं तू, मी शेजारी बसेन. आणि येण्याआधी आज रात्री घरी बायकोला सगळं सांग, आकड्यांसकट.

नोट माझ्या टेबलाच्या खणात आहे. उद्या घेऊन जा. ती अजून चलनात आहे, तिचे पाच रुपये येतात.